पत्रं मुलांची, भाषा आपली

मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांच्या वर्गावर आम्ही यंदा एक प्रयोग केला. त्यावरून काही पालक आमच्यावर नाराज आहेत. त्यांचं सगळंच चुकतंय असं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलांना बेव्हर्ली क्लिअरी या लेखिकेची एक ध्वनिमुद्रित मुलाखत ऐकवली आणि त्यावर बाईंना मराठीतून पत्र लिहायला सांगितलं. बाई २०२१ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी गेल्या, तेव्हा पत्र टपालात पडणार नाही हे मुलांना माहीत होतं. पहिला आक्षेप लगेच आला. मराठी शाळेत अमेरिकन बाई कशाला? आपले भा. रा. भागवत काय वाईट होते? मुळीच नाही. आम्ही स्वतः फास्टर फेणेवरच वाढलो. पण रमोनाची पोर्टलंडमधली क्लिकिटॅट स्ट्रीट आमच्या मुलांना फुरसुंगीपेक्षा जवळची आहे, याला इलाज नाही. आणि बाईंची हकिगत आमच्या वर्गाच्या फार कामाची होती.

पहिलीत त्यांच्या वर्गाचे वाचनाप्रमाणे तीन गट होते, तिन्हींना पक्ष्यांची नावं. बाई सर्वांत खालच्या, काळ्या पक्ष्यांच्या गटात. वाचनाचा त्यांना तिटकाराच बसला. पुढे तिसरीत असताना, एका पावसाळी रविवारी, चित्रं बघायला म्हणून डच जुळ्या भावंडांचं पुस्तक उघडलं, आणि आपण चक्क वाचतोय, वर मजाही येतेय, असं त्यांच्या ध्यानात आलं. मोठेपणी त्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी ग्रंथपाल झाल्या. तिथे मुलगे येऊन विचारायचे, आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं कुठे आहेत? तशी पुस्तकं फारशी नव्हतीच. १९५० साली त्यांचं ‘हेन्री हगिन्स’ आलं, ते या प्रश्नातून.

हा प्रश्न ऐकल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या तोंडून वर्षभरात ‘नाही’ आणि ‘पाणी’ यापलीकडे मराठी शब्द ऐकला नव्हता, तो म्हणाला, “आमची पण नाही.” मग काय, वर्ग सुटला! मराठी पुस्तकातली आजी नेहमी घरात असते, माझी रविवारी सकाळी फोनमध्ये असते, असं एक मुलगी म्हणाली. दुसऱ्याची तक्रार, पुस्तकातला मुलगा एकटाच सायकलवरून गावभर हिंडतो आणि मला कोपऱ्यापर्यंतसुद्धा गाडीतून नेतात. वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, पण बोलली सगळी.

इथे आमची चूक झाली. वेळ संपली म्हणून पत्र घरून लिहून आणा म्हटलं.

पुढच्या आठवड्यात अकरा पत्रं आली. ‘आपल्या लेखणीने बालमनावर सुसंस्कार केले आहेत.’ ‘आपली साहित्यसेवा अतुलनीय आहे.’ अक्षर मुलांचं, मजकूर कोणाचा ते सांगायला नको. आजी नाही, सायकल नाही. मागच्या बाकावरच्या मुलाचं पत्र दीड पानी आणि निर्दोष, पण त्यात ‘आमची पण नाही’ कुठेच नाही. दुसऱ्यांना नावं कशाला ठेवा? आमच्या घरी कन्येने लिहिलं होतं, ‘मला रमोना आवडते कारण ती वाईट आहे.’ आम्ही ‘वाईट’च्या जागी ‘खोडकर’ करायला लावलं. “पण मला वाईटच म्हणायचं होतं,” ती म्हणाली. आम्ही ऐकलं नाही.

रसायनशाळेत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की वहीत खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. ही शिस्त आम्ही रोज नोकरीवर पाळतो आणि घरी येऊन पोरीच्या हातात खोडरबर देतो.

बाईंचंच ‘डिअर मिस्टर हेन्शॉ’ नावाचं पुस्तक आहे, १९८३ चं. त्याला पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक मिळालं. त्यातला मुलगा आवडत्या लेखकाला पहिलं पत्र लिहितो तेव्हा दुसरीत असतो. पुढे लेखकच उलट त्यालाच प्रश्नांची यादी धाडतो. मुलगा चिडतो, पण ती उत्तरं देता देता घटस्फोटित आईबापांबद्दल, ट्रक चालवणाऱ्या वडिलांबद्दल खरं लिहायला लागतो. तिथे कोणी त्याच्या खांद्यावरून वाकून ‘वडिलांबद्दल असं लिहू नये’ म्हणत नाही.

अशुद्ध लिहिलं तर तेच अंगवळणी पडेल, हा दुसरा आक्षेप. तो आम्हाला मान्य आहे. ऱ्हस्वदीर्घ आम्ही दुरुस्त करू, पण वेगळ्या कागदावर आणि नंतर. ‘बॅकयार्ड’ मात्र राहू द्यावं. परसात विहीर असते, कढीलिंब असतो. आपल्याकडे लॉनमोअर आहे.

मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात ही अकरा पत्रं भिंतीवर लावून उत्तम पत्राला बक्षीस द्यायचं ठरलं होतं. ते करू नये, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीला केली आहे. बक्षीस द्यायचंच तर ते आईबाबांना द्यावं लागेल.

येत्या वर्गात मुलं पुन्हा लिहितील, आमच्यासमोर बसून. आपला अंक नाहीतरी झेरॉक्सच असतो, तेव्हा ती पत्रं मुलांच्या अक्षरात, खाडाखोडीसकट, पुढच्या अंकात येतील. आपल्या पाल्याचं पत्र छापू नये असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आम्हाला फोन करावा. त्याआधी पाल्याला विचारावं.