किल्ल्यावरचे विमान आणि पायथ्याची पाटी

दिवाळीच्या सुट्टीत भिवंडीच्या चाळींतून जे मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांच्याकडे इतिहासाच्या शिक्षकाने निदान रागाने तरी पाहू नये. भिजवलेल्या गोणपाटावर चिखल थापलेला, अंगावर हळिवाचे रान वाढलेला हा किल्ला कधी प्रतापगड असतो, कधी रायगड. परंतु मावळ्याच्या शेजारी खाकी गणवेशातला जवान पहारा देत असतो आणि माचीवर विमान उतरलेले असते. किल्ले स्पर्धांचे परीक्षक अशा विसंगतीबद्दल गुण कापतात. हा कडकपणा भलत्याच जागी खर्ची पडतो, असे म्हटले पाहिजे.

मांडणीच्या युद्धात विसंगती शिरायचीच. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या 'गेम्स वर्कशॉप' या कंपनीने १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ बाजारात आणला. टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि दूरच्या भविष्यातले महायुद्ध लढायचे, असा हा प्रौढांचाही छंद. त्याच विश्वातला यंत्रराक्षसांचा एक खेळ १९८८ मध्ये निघाला, तेव्हा दोन्ही बाजूंसाठी एकाच साच्यातली चित्रे देणे भाग होते. दोन्ही सैन्ये सारखीच कशी, याला उत्तर म्हणून यादवी युद्धाची कथा रचण्यात आली. साच्याचा खर्च वाचला आणि एक बखर जन्माला आली! पुढे २००६ ते २०२४ या काळात त्या यादवीवर पन्नासाहून अधिक पुस्तके निघाली. याच खेळातली बुटक्या योद्ध्यांची एक जमात मध्यंतरी नाहीशी झाली आणि २०२२ मध्ये नव्या नावाने परतली. खेळाडू या विसंगतींवर हिरीरीने भांडतात; त्यावर, या साऱ्या त्या विश्वातल्याच ऐकीव आणि अर्धवट हकिकती आहेत, असा बचाव केला जातो. ही पळवाट खरी. पण ती उघड्यावरची आहे.

मुलांच्या किल्ल्यावरील विमानही असेच उघड्यावरचे आहे. शिवकाळात विमाने होती, असे ते पाहून कोणीही मानत नाही. फसवणूक होते ती पायथ्याशी लावलेल्या पाटीमुळे. कल्याण-भिवंडीच्या परिसरात त्या पाटीसाठी हमखास हाताशी असलेला प्रसंग म्हणजे कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचा. आबाजी सोनदेवांनी तिला दरबारात आणले आणि महाराजांनी तिची सन्मानाने पाठवणी केली, ही कथा मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? समकालीन साधनांत मात्र तिला आधार मिळत नाही. कथेचा हेतू उदात्त आहे, हे निर्विवाद. परंतु महाराजांच्या स्त्रीविषयक धोरणाला या कथेच्या टेकूची गरजच नाही. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. महाराजांबद्दल कठोर भाषा वापरणाऱ्या या लेखकानेही, त्यांच्या सैन्याला स्त्रिया, मशिदी आणि कुराण यांचा आदर राखण्याची सक्त ताकीद होती, हे नमूद केले आहे. विरोधकाची ही साक्ष शंभर नाट्यप्रवेशांहून वजनदार आहे. ती पाटीवर का येत नाही?

हा प्रश्न इतर गावांपेक्षा भिवंडीत अधिक जिव्हाळ्याचा आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली ती याच शहरात. येथे शेजाऱ्यांच्या मुलांना एकाच अंगणातला किल्ला पाहावयाचा असतो, आणि पाटीवरचे प्रत्येक वाक्य दोन्ही घरांत वाचले जाते.

आणखी एक गोष्ट. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि स्वराज्य खाडीला जाऊन भिडले. १६५९ मधील पोर्तुगीज कागदांत कल्याण-भिवंडीकडे महाराजांची लढाऊ जहाजे बांधली जात असल्याचा उल्लेख आहे. शेजारी धास्तावले, तेव्हाच तो कागदावर उतरला. मराठी आरमाराचा आरंभ ज्या पाण्यात झाला, त्याच्या काठी राहणाऱ्या मुलांचा किल्ला बहुधा डोंगरावर बसलेला आणि कोरडा! वर्गात हे कोणी सांगितले, तर गोणपाटाच्या पायथ्याशी निळा कागद अंथरून खाडी करायला आणि तिच्यात चार गलबते सोडायला मुलांना अर्धा तासही लागणार नाही. सुभेदाराच्या सुनेची पाटी लावायचीच असेल, तर तिच्या आरंभी 'असे सांगतात' एवढे दोन शब्द घालावेत. विमान आहे तिथेच राहू द्यावे.