तुमचे ६२ अंश कुठे गेले?

गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते, हे पांढुर्ण्याच्या लेकराला सांगावं लागत नाही. यंदा माझ्यावर ती मे महिन्यातच सुरू झाली. जानेवारीच्या अंकात मी संगणकाच्या वॉटरकूलिंग किटची परीक्षणं लिहिली होती. उन्हाळा लागला आणि दगड येऊ लागले. बरेच बाजूने गेले, एक मात्र बरोबर कपाळावर बसला. त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

सौसरची एक मुलगी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून शिक्षणाचा खर्च भागवते. तिने कळवलं, "दादा, तुमचा लेख वाचून बाबांनी मृग बहाराच्या संत्र्याच्या पैशातून २४० चं किट घेऊन दिलं. साडेनऊ हजार गेले. तुम्ही ६२ अंश लिहिले होते. माझ्याकडे रेंडर करताना ८४ दाखवते. तुमचे ६२ कुठे गेले?"

मला वाटलं, पंप बंद पडला असेल. रविवारी बस पकडून सौसरला गेलो. पंप चालू, दोन्ही फॅन चालू, पेस्टही नीट लावलेली. प्रोसेसर माझ्यासारखाच, ६५ वॅटच्या वर्गातला. खोली मात्र वरच्या मजल्यावरची, टिनाची. थर्मामीटर टेबलावर ठेवला तर ४२ अंश. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जानेवारीत मी चाचणी घेतली तेव्हा माझ्या खोलीत २० अंश होते. ६२ मधून २० गेले, उरले ४२. तिच्या ८४ मधून ४२ गेले, उरले तेवढेच ४२. किट आपलं काम चोख करत होतं. खोलीचं तापमान न लिहिता नुसता आकडा छापला, ही चूक माझी.

तिच्या वडिलांनी चहा देता देता विचारलं, "पाणी घालूनही थंड होत नाही, तर मग पाणी कशाला?" हाच प्रश्न आणखी तिघांनी विचारला आहे. आपल्याकडे पाण्याने थंड करणं म्हणजे कूलर. कूलरच्या ओल्या ताटीतून हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून कूलरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड लागते. संगणकाच्या किटमध्ये वाफ होतच नाही, पाणी बंद नळीत फिरत राहतं. ते ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखं आहे. पाणी फक्त हमाल: चिपवरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरवर नेऊन टाकायची. तिथून ती खोलीच्या हवेतच जाते. त्यामुळे असं किट चिपला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. हमाल मात्र दांडगा आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणूनच पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकालाही द्रवाने थंड ठेवतात.

मग आम्ही तिच्या खोलीतला कूलर लावला आणि समोरची खिडकी उघडली. अर्ध्या तासात खोली ३२ वर आली, चिप ७४ वर. खोलीचे दहा अंश उतरले, तसे चिपचेही दहा उतरले. फक्त कूलरचा झोत थेट डब्यावर सोडू नका. ओलसर हवेत धूळ रेडिएटरच्या जाळीत चिकटून बसते. महिन्यातून एकदा संगणक बंद करून जाळी ब्रशने साफ करा.

आता बाकीचे दगड.

"विजेच्या यंत्रात पाणी घालायला सांगता, हा बेजबाबदारपणा आहे." हे मला मान्य नाही. ही किट कारखान्यातूनच भरून, बंद होऊन येतात. गळती क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून घेताना वॉरंटीत गळतीने झालेलं नुकसान धरलं आहे का, ते वाचा.

"पाणी कमी झालं तर आरओचं टाकू का?" नाही, आणि विहिरीचं तर मुळीच नाही. बहुतेक किटमध्ये चिपवरची पट्टी तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. हे दोन धातू साध्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. ते टाळणारं रसायन आतल्या द्रवात आधीच मिसळलेलं असतं.

"किट घरघर करतं." बहुधा पंपात हवा अडकली असेल. हवा वर चढते, म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. डब्याच्या छताला रेडिएटर लावलात तर उत्तमच.

"कुटुंबाच्या मासिकात गेम खेळणाऱ्यांचे लाड कशाला?" काका, सौसरच्या त्या खोलीत गेम नव्हता. कॉलेजची फी होती.

आणि म्हणूनच शेवटची कबुली. माझ्या वहीत जानेवारीतलीच आणखी एक नोंद आहे. अडीच हजारांच्या साध्या टॉवर एअरकूलरवर हाच प्रोसेसर खोलीपेक्षा ४७ अंश वर गेला होता. म्हणजे त्या टिनाच्या खोलीतही ८९. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. पाच अंशांसाठी सात हजार जास्त गेले. मोठ्या, दीडशे-दोनशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला पाण्याचं किट शोभतं. तिला त्याची गरज नव्हती, आणि हे मी जानेवारीत लिहायला हवं होतं.

मी तिला तसं सांगितलं. किट परत करायची मुदत निघून गेली होती. ती म्हणाली, "असू द्या दादा, पण पुढच्याला सांगा." म्हणून सांगतो: खरेदीआधी आपल्या प्रोसेसरचे वॅट बघा आणि मे महिन्यात आपली खोली किती तापते ते मोजा. यापुढे या सदरात प्रत्येक आकड्याशेजारी खोलीचं तापमान छापलं जाईल. छापलं नसेल, तर खुशाल दगड मारा.