बिबट्याला ‘क्यूट’ म्हणण्याआधी...

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक रील आलं. रात्रीची वेळ, एका घराच्या अंगणात सीसीटीव्हीत दिसणारा बिबट्या, ओट्यावर झोपलेलं कुत्रं आणि मागे कुठलंसं ट्रेंडिंग गाणं. खाली हार्टचा पाऊस. ‘सो क्यूट’, ‘आपणच त्यांच्या घरात घुसलोय’, ‘माणसांनाच हाकला तिथून’. मीही एक हार्ट टाकलं आणि विसरून गेले.

त्याच रात्री मामीचा फोन आला. मामाचं घर जुन्नर तालुक्यात, गावाबाहेर मळ्यात. तिन्ही बाजूंनी ऊस. ‘‘अजून जागी कशी गं?’’ विचारलं तर म्हणाली, ‘‘तुझे मामा मोटार चालू करायला गेलेत. या आठवड्यात लाइट रात्रीची हाय ना. ते परत येईस्तोवर डोळ्याला डोळा लागत नाही.’’ तेव्हा साडेअकरा वाजले होते. मामाच्या हातात एक काठी आणि मोबाइलचा टॉर्च.

मी ते हार्ट काढून टाकलं. त्याने काही बदललं नाही, हे मलाही कळतं. पण तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न बसलाय : वन्यजीव वाचवायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्यात आधी ते ‘आपण त्यांच्या घरात घुसलोय’ तपासून बघू. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी धरणं झाली, कालवे आले आणि जिरायती शेतात ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात असतो. लपायला दाट जागा, प्यायला पाणी, आसपास कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच पिल्लं घालतात. तोडणीच्या हंगामात ती पिल्लं सापडतात, मग वन खात्याचे लोक ती रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. या बिबट्याने जंगल पाहिलेलंच नाही. ऊस हेच त्याचं घर आहे. म्हणजे इथे कुणीच कुणाच्या घरात घुसलेलं नाही, दोघंही एकाच शेतात राहतात.

हे मी मनाने सांगत नाहीये. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. गावं, शेतं आणि भरपूर माणसं असलेल्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे सापडले. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा होता कुत्र्यांचा. म्हणजे गावाबाहेर कचरा टाकायचा, त्यावर कुत्री पोसायची आणि मग बिबट्या आला म्हणून ओरडायचं, असा आपला कारभार.

पिंजरा लावला, पुढे काय?

दुसऱ्या बाजूला गावातली मागणी असते, ‘पिंजरा लावा, धरा आणि लांब जंगलात सोडा’. ऐकायला बरोबर वाटतं. जुन्नरमध्ये २००१ नंतर हे मोठ्या प्रमाणावर केलंही गेलं. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. बिबटे धरून दुसरीकडे सोडायला लागल्यावर ही सरासरी १७ वर गेली, आणि जिथे ते सोडले तिथे हल्ले वाढले.

असं का झालं? बिबट्या स्वतःचा इलाका धरून राहतो. पाणी कुठे, वाट कुठे, माणूस किती वाजता कुठून जातो, हे त्याला पाठ असतं. पिंजऱ्यात घाबरलेला, जखमी झालेला असा प्राणी अनोळखी भागात सोडला की त्याचं सगळं गणितच बिघडतं. इकडे रिकाम्या झालेल्या इलाक्यात दुसरा बिबट्या येतोच. आणि सोडलेला तिथेच थांबेल, याचीही खात्री नाही. ‘आजोबा’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल. तो ज्याच्यावर बेतलाय, तो बिबट्या २००९ मध्ये विहिरीत पडला होता. त्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर गडी चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला.

तरीही पिंजरे लागतात, कारण पिंजरा दिसतो. तो आला की रास्ता रोको मागे घेतला जातो, फोटो छापून येतो.

इथे मला प्राणिप्रेमी मित्रमैत्रिणींनाही एक सांगायचंय. जो बिबट्या माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ले करतोय, त्याला तिथून काढायलाच हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही त्याची सोय आहे. धरणं शक्यच नसेल तर मारण्याची परवानगी मिळू शकते. अशा वेळी शहरात बसून हॅशटॅग चालवणं म्हणजे ज्या घरातलं पोर गेलंय, त्या घराच्या तोंडावर दार आपटणं आहे. आणि त्या लोकांनी उद्या विष घातलेलं मांस शेतात टाकलं, तर बिबट्याला कुठला कायदा वाचवणार?

लाइट, संडास आणि गोठा

मग उपाय काय? तो फारसा थ्रिलिंग नाही, म्हणून त्याचं रील होत नाही. शेतीला दिवसा वीज द्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये त्यासाठीच आली. ती प्रत्येक मळ्यापर्यंत पोहोचणं हे मला बिबट्या वाचवण्याचंच काम वाटतं. वस्तीवर दिवे, वापरता येतील असे संडास, जाळी लावलेले बंदिस्त गोठे, घर आणि ऊस यांच्यात थोडी मोकळी जागा, कचऱ्याचा बंदोबस्त. मृत्यू झाला तर वारसांना २५ लाखांची मदत ठरलेली आहे, पण शेळी गेली तरी पंचनामा आणि पैसे वेळेत मिळायला हवेत.

आणि ऊसतोड कामगार. त्यांच्या कोप्या उसाच्या कडेलाच असतात. पहाटे आईबाप फडात जातात, लहान पोरं कोपीजवळ उघड्यावर. सगळ्यात जास्त धोका त्यांना आणि चर्चेत सगळ्यात कमी तेच. कारखान्यांनी त्यांना दार असलेला निवारा आणि पोरांसाठी पाळणाघर दिलं पाहिजे, ही मागणी आपण का करत नाही?

आता आपलं काय? बिबट्या दिसला की मोबाइल घेऊन पळू नका. गर्दीने कोंडलेला बिबट्याच बहुतेक वेळा अंगावर येतो. तुमच्या कॉलेजचं एनएसएस शिबिर या भागात असेल, तर रस्ता झाडण्यासोबत एखाद्या वस्तीवर गोठ्याला जाळी लावून या. आणि माझ्यासारख्या पत्रकारिता शिकणाऱ्यांनी, खात्री झाल्याशिवाय ‘नरभक्षक’ हा शब्द हेडलाइनमध्ये टाकायचा नाही. एवढं तरी जमायला हरकत नाही.

हा लेख लिहिताना मामीला फोन केला होता. दहा वाजलेले, तिने उचलला नाही. सकाळी म्हणाली, ‘‘अगं झोपले होते. या आठवड्यात लाइट दिवसाची हाय.’’