विश्लेषण : दम लागणाऱ्यांनीच व्यायाम का करायचा?

जिना चढताना धाप लागते म्हणून आधी जिना टाळला जातो, मग बाजार, मग देवळापर्यंतची फेरी. शेवटी आंघोळीलाही स्टूल लागते. ‘सीओपीडी’ म्हणजे श्वासमार्गात कायमचा अडथळा निर्माण करणाऱ्या आजाराच्या अनेक रुग्णांचे असेच होते. घरचेही मायेने ‘बसून राहा’ म्हणतात. वैद्यकशास्त्र मात्र गेली तीन दशके नेमके उलटे सांगत आहे.

हवा अडकते कशी?

या आजारात श्वास घेण्यापेक्षा सोडणे कठीण होते. श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, फुप्फुसांचा लवचीकपणा गेलेला असतो. बसलेले असताना हवा सावकाश का होईना, बाहेर पडते. चालू लागले की श्वासाचा वेग वाढतो आणि आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास सुरू होतो. दर श्वासागणिक थोडी हवा साठत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. ‘हवा आत जात नाही’ असे रुग्ण सांगतो. खरे तर ती बाहेर जात नसते.

व्यायामाने फुप्फुसे सुधारतात का?

नाही. स्पायरोमेट्री चाचणीत पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचा आकडा व्यायामानंतरही जवळपास तोच राहतो. बदल होतो तो मांड्यांमध्ये. बसून बसून पायांचे स्नायू रोडावतात. असे स्नायू थोड्या श्रमातही लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि तो बाहेर टाकायला अधिक श्वास लागतो. अमेरिकेतील रिचर्ड कॅसाबुरी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की, सायकलवरील प्रशिक्षणानंतर तेवढ्याच श्रमाला आम्लही कमी बनते आणि श्वासही कमी लागतो. हा फायदा जोरकस व्यायाम करणाऱ्यांत जास्त दिसला. श्वास संथ झाला की सोडायला वेळ मिळतो, हवा कमी साठते. फुप्फुस तेच, पण त्याच्यावरची मागणी घटते.

फरक किती पडतो?

‘कॉक्रेन’च्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्णांची माहिती तपासली गेली. सहा मिनिटांत चालून होणारे अंतर सरासरी सुमारे ४४ मीटरने वाढले. धडधाकट माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दोनदा थांबणाऱ्याला वाटणार नाही. धाप आणि थकवाही कमी झाला.

मग हे उपचार मिळतात कुणाला?

फार थोड्यांना. अमेरिकेत २०१४ मध्ये या आजारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ‘मेडिकेअर’च्या सुमारे १ लाख ९७ हजार रुग्णांपैकी ९० दिवसांत असे प्रशिक्षण सुरू करणारे जेमतेम दीड टक्का होते. भारतात २०१६ मध्ये सीओपीडीच्या रुग्णांची संख्या सुमारे साडेपाच कोटी असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. यात आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायकाही येतात. त्यांच्या हाती पंप पडला तरी पुष्कळ; व्यायामाची चिठ्ठी कोण लिहिणार?

जिम लागते का?

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी एक भेट आणि आठवड्याला एक फोन, एवढ्यावर आठ आठवडे व्यायाम करून घेतला गेला. केंद्रात जाणाऱ्यांच्या तुलनेत परिणाम कमी पडले नाहीत. चालणे, खुर्चीतून उठबस, पाण्याच्या बाटल्या उचलणे असे साधेच प्रकार त्यात होते. अर्थात पंप बंद करायचा नाही, आणि सुरुवात डॉक्टरांनी हृदय व रक्तातील ऑक्सिजन तपासल्यावरच. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडण्याचे तंत्र चालताना उपयोगी पडते. कार्यक्रम संपल्यावर चालणे सोडले, तर मिळवलेला फायदा साधारण वर्षभरात ओसरू लागतो.