हमरस्त्यावरचा शेजारी

इ. स. २०१९ साली मोटार वाहनांच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीत १३४ अ हे एक नवे कलम घालण्यात आले. अपघात होऊन रस्त्यावर पडलेल्या मनुष्यास जो कोणी सद्हेतूने व मोबदल्याची अपेक्षा न धरता साह्य करील, त्याच्या हातून साह्य करतांना काही चूक झाली तरी त्याजवर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असे हे कलम सांगते. अशा मनुष्यास कायद्याने 'गुड समॅरिटन' असे नाव दिले आहे. आमच्या व्यापारी वाचकांपैकी पुष्कळांनी हे नाव वर्तमानपत्रांत वाचले असेल. परंतु ते आले कोठून, ह्याचा विचार फार थोड्यांनी केला असेल.

ते आले ख्रिस्ती शुभवर्तमानातून. लूकच्या दहाव्या अध्यायात ही गोष्ट आहे. एका शास्त्र्याने येशूला विचारले की, शेजाऱ्यावर प्रीती करावी हे खरे, पण माझा शेजारी कोण? येशूने व्याख्या सांगितली नाही, गोष्ट सांगितली. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर एका मनुष्यास चोरांनी लुटून अर्धमेला टाकले. त्या वाटेने एक याजक आला आणि बगल देऊन गेला. मंदिराचा सेवक लेवी आला, तोही तसाच गेला. मग एक शोमरोनी आला. यहुदी लोक शोमरोन्यांस भ्रष्ट समजत व त्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत. ह्या भ्रष्ट मानलेल्या मनुष्याने जखमा तेल व द्राक्षारस घालून बांधल्या, जखमीस आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी तेथल्या मालकास दोन नाणी देऊन सांगितले की, अधिक खर्च झाला तर परत येतांना फेडीन.

ह्या गोष्टीत शोमरोन्याची स्तुती सगळेच करतात. उतारशाळेच्या मालकाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, आणि आमच्या मते व्यापाऱ्यांनी लक्ष द्यावयाचे ते ह्याच मनुष्याकडे. एक अनोळखी परजातीचा वाटसरू रक्तबंबाळ मनुष्य दाराशी आणतो, दोन नाणी ठेवतो, आणि बाकीचे उधार म्हणून निघून जातो. तरी हा मालक जखमीस दाराबाहेर काढीत नाही. परक्याच्या शब्दावर खाते उघडणारा हा गृहस्थ पेढीवरचाच मनुष्य होय.

कॅथलिक पंथाने ही गोष्ट केवळ प्रवचनापुरती ठेवली नाही. त्या पंथात देहाची दयाकृत्ये सात मानली आहेत : भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, निराश्रितास थारा, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट, आणि मृताची मूठमाती. पहिली सहा मत्तयाच्या शुभवर्तमानातली. सातवे तोबिताच्या ग्रंथावरून आले, आणि प्रॉटेस्टंट लोक त्या ग्रंथास शास्त्रात धरीत नाहीत. अनोळखी प्रेतासही आदराने हात लावणे ही उपासनाच होय, हा त्यातला भाव आम्हांस फार मोलाचा वाटतो. पोर्तुगालात १४९८ साली ह्याच सात कृत्यांसाठी 'मिझरिकोर्दिया' नावाची बंधुमंडळी निघाली, आणि सोळाव्या शतकात ती गोव्यातही आली. त्याच गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसले आणि त्याने माणसांचा जो छळ केला तोही त्याच धर्माच्या नावाने, हे विसरून चालावयाचे नाही. धर्माचे नाव घेऊन दोन्ही गोष्टी होतात. पारख करावयाची ती कृतीवरून.

अशी पारख करावयाची तर कलकत्त्याकडे पाहावे. मदर तेरेसा ह्यांनी १९५२ साली कालीघाटास, देवीच्या मंदिराला लागून महापालिकेने दिलेल्या यात्रेकरूंच्या जुन्या धर्मशाळेत, मरणोन्मुखांसाठी घर उघडले. रस्त्यावरून उचलून आणलेल्या हिंदूच्या मुखी गंगेचे पाणी, मुसलमानासाठी कुराणाचे पठण, कॅथलिकास त्याचा अखेरचा संस्कार, अशी तेथील रीत. हा जो दुसऱ्याच्या श्रद्धेविषयीचा आदर, तो दयेहूनही दुर्मिळ आहे. आणि ही गोष्ट आमच्या भाषेस परकीही नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने क्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधली ती १६१६ साली छापली गेली. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी अलीकडे सुबोध मराठीत बायबल आणले, तेच पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आता ही यरीहोची वाट सोडून आम्ही शिरवळच्या वाटेवर येतो. पुण्याहून निघालेला हमरस्ता नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो तो शिरवळाशी, आणि पुढे खंडाळ्यावरून खंबाटकीच्या घाटास लागतो. १० एप्रिल १९१८ नव्हे, २०१८ रोजी, म्हणजे अगदी आपल्या डोळ्यांदेखत, पहाटेच्या अंधारात विजापूरकडच्या मजुरांनी भरलेली गाडी खंबाटकीच्या बोगद्याअलीकडील वळणावर उलटली आणि १८ जण प्राणांस मुकले. ही माणसे शिरवळच्या बाजूस कामासाठी येत होती. ज्या कारखान्यांच्या जोरावर आज शिरवळची बाजारपेठ फुगली आहे, त्यांच्या भिंती अशाच हातांनी उभ्या राहिल्या आहेत. २०२२ ह्या एका वर्षात महाराष्ट्रात १५,२२४ माणसे रस्त्यांवर मेली, व साऱ्या देशात १,६८,४९१. ह्यांपैकी कित्येक वेळीच उचलले गेले असते तर वाचले असते.

पण उचलतो कोण? हमरस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमते, गाड्यांची रांग लागते, आणि पहिला प्रश्न निघतो तो 'पासिंग कुठले?' एमएच ११ असेल तर आपल्या जिल्ह्यातला, मग कोणी तरी पुढे होतो. कर्नाटकची पाटी असेल तर पावले जड होतात. 'माझा शेजारी कोण' ह्या शास्त्र्याच्या प्रश्नाचे हे आजचे रूप होय. मग खिशातील फोन बाहेर निघतात. मरणाऱ्याचे उघडे पडलेले अंग दहा कोनांतून टिपले जाते, परंतु त्यावर उपरणे टाकावे असे त्या दहांतील एकालाही सुचत नाही. आणि उलटलेला ट्रक मालाचा असला तर काय होते ते सांगावयास आम्हांस लाज वाटते. चालक केबिनमध्ये अडकून कण्हतो आहे आणि लोक पोती व खोकी उचलून नेत आहेत, अशी दृश्ये ह्या देशाच्या अनेक रस्त्यांनी पाहिली आहेत. यरीहोच्या वाटेवरचे याजक व लेवी निदान चोर तरी नव्हते.

ह्यावर उत्तर ठरलेले असते : पोलिसांचा ससेमिरा कोण लावून घेणार? ही भीती पूर्वी निराधार नव्हती. सेव्हलाइफ फाउंडेशन ह्या संस्थेने २०१३ साली जी पाहणी केली, तीत चारांतले तीन लोक मदतीस कचरतात असे दिसले, व त्यांतील बहुतेकांनी कारण कज्जेकोर्टाचेच सांगितले. परंतु त्याच संस्थेच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०२० सालच्या सरकारी नियमांनी ते आणखी पक्के झाले. जखमीस पोहोचविणाऱ्यास नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हावयाचे की नाही हे त्याने स्वखुशीने ठरवावयाचे. त्याचे हे हक्क रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी लोकभाषेत लावले पाहिजेत. आधी पोलिसांचा कागद, मग उपचार, ही सबब तर १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात मोडून काढली आहे. सरकारने मदतकर्त्यास रोख बक्षीसही ठेवले आहे. त्याचे आम्हांस विशेष कौतुक नाही. तथापि बक्षिसासाठी का होईना, माणूस थांबला तर जखमीचा जीव वाचतो, म्हणून आम्ही त्यास नावेही ठेवीत नाही. भीतीचे कारण गेले, आता उरली आहे ती निव्वळ सवय.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२० साली काढलेल्या आपल्या परिपत्रकात एक सबंध प्रकरण ह्याच गोष्टीस दिले, आणि स्वतःच्याच अनुयायांस बोल लावला की, बगल देऊन गेलेले ते दोघे देवळातलेच होते. पूजा चालू आहे एवढ्यावरून देव प्रसन्न आहे असे समजू नये. हा बोल केवळ कॅथलिकांपुरता नाही. ह्याच खंडाळा तालुक्यात लोणंदास ज्ञानोबांची पालखी उतरते. तिकडे येतांना नीरेतच पादुकांस स्नान घडते, आणि त्या दिवसांत वारकऱ्याच्या पायाची धूळ मस्तकी लावण्यास, त्याच्या पानात आग्रहाने वाढण्यास इकडचा मनुष्य कमी पडत नाही. तहानेल्या गाढवाला काशीची गंगा पाजणाऱ्या नाथांची कथा आपण कीर्तनात डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. मग त्याच नीरेच्या वरच्या अंगाला, शिरवळच्या पुलाशी पडलेला वाटसरू आपल्या भक्तीच्या हिशेबात का येऊ नये? पायी चालणारा तेवढा देवाचा, आणि ट्रकमधून आलेला कोणाचाच नव्हे?

शिरवळच्या व्यापारी मंडळींस आमची सूचना साधी आहे. हमरस्त्यालगतच्या प्रत्येक दुकानाने, धाब्याने व पेट्रोल पंपाने एक घडीची डोली, मलमपट्टीची पेटी आणि दोन स्वच्छ चादरी जवळ ठेवाव्यात. दोन अशासाठी की, एक जखमीस लागेल, आणि दुसरी, दुर्दैवाने वेळ आलीच तर, प्रेतावर घालावयास. प्रत्येक दुकानातील दोन नोकरांस रक्तस्राव थांबविण्याचे व जखमी मनुष्य मान न हलविता उचलण्याचे शिक्षण द्यावे, आणि १०८ हा आकडा गल्ल्याजवळ ठळक लिहून ठेवावा. लुटीचा माल म्हणून कोणी स्वस्तात काही विकावयास आणले तर तो घेऊ नये, आणि आणणाऱ्याचे नाव चारचौघांत सांगावे. गिऱ्हाईकच नसले तर लूटही फार दिवस चालत नाही. गावातील व आसपासच्या रुग्णालयांच्या दाराशी मदतकर्त्याच्या हक्कांचा फलक मराठीत लागला आहे की नाही, हे व्यापारी मंडळाच्या दोन सभासदांनी ह्याच आठवड्यात जाऊन पाहावे, आणि नसेल तेथे आपल्या खर्चाने रंगवून द्यावा. खाली कन्नडातही चार ओळी लिहाव्यात.