आधी माणसं की आधी नियम?

आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की पांढुर्ण्यात संत्रा व्यापाऱ्यांच्या आवारात बघता बघता माणसं वाढतात. काल पाच-सहा हात, आज 25-30. नियुक्तिपत्र नाही, ट्रेनिंग नाही, तरी माल निवडला जातो आणि ट्रक भरून निघतो. नीट पाहिलं तर मुकादमाने एकच गोष्ट पक्की केलेली असते: कोणतं फळ कोणत्या ढिगात जाणार. त्यावर वाद नाही. कोण कोणाजवळ बसेल, चहा कधी, गाणी कोणती, हे टोळीचं टोळी बघते. नवा माणूस मात्र जुन्या हाताशेजारीच बसतो.

पांढुर्णा-सौंसरची आपली मुलं-मुली आता नागपूर, पुणे, हैदराबादच्या अशा कंपन्यांत जातात जिथे वर्षभरात माणसं दुप्पट-तिप्पट होतात. काहींच्या हाती तर रुजू झाल्या झाल्या टीम येते. मग मला फोन: “काका, बॉस म्हणतात प्रोसेस बसव, टीम म्हणते आम्हाला शिकवू नका. आधी काय करू?”

बॉसचं म्हणणं आधी घेऊ. पाच माणसं असली तर त्यांच्यात बोलण्याच्या जोड्या होतात 10. माणसं 20 झाली की जोड्या 190, आणि 50 झाली की 1,225. माणसं दहापट, पण कोणी कोणाला काय सांगितलं याचा गोंधळ शंभरपटीच्या वर. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. तेव्हा “आपण सगळे घरचेच” हे 12 जणांत चालतं, 60 जणांत नाही.

पण टीमचंही खोटं नसतं. मी पुण्यात एका वाढत्या कंपनीत ऑपरेशन्स सांभाळायला गेलो तेव्हा आम्ही 35 जण होतो, वर्षअखेरीस 100 च्या वर गेलो. पहिल्याच दिवशी कोण्या सल्लागाराने केलेली 80 पानी फाइल हातात मिळाली. ती कोणीच उघडलेली नव्हती. डिस्पॅच बघणाऱ्या ताईंकडे मात्र एक निळी वही होती. कोणता ग्राहक दुपारी दोननंतर माल उतरवून घेत नाही, कोणाला बिलाच्या तीन प्रती लागतात, पावसाळ्यात कोणता ट्रान्सपोर्टर दगा देतो, सगळं त्यात. कंपनीची खरी प्रोसेस ती वही होती, आणि ताई दोन महिन्यांनी बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या.

वही मागितली तर त्या देईनात. कारण साधं होतं. एकदा वही दिली की आपली गरज काय उरली? कायद्याने 26 आठवड्यांची रजा होतीच, पण परत आल्यावर हीच खुर्ची मिळेल असं त्यांना कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी वहीचा विषय सोडला आणि मालकांकडून त्यांच्या जागेबद्दल लेखी पत्र घेतलं. त्याला आठ दिवस लागले, थोडी कुरकुरही झाली. पत्र हातात पडलं त्या दुपारी ताईंनी स्वतःहून दोन नव्या मुलांना शेजारी बसवलं. त्या सांगत गेल्या, मुलं लिहीत गेली. चार पानं झाली. रजेवरून आल्यावर त्यातली दीड पानं ताईंनीच बदलली, कारण मधल्या काळात ग्राहक बदलले होते.

म्हणून मी मुलांना सांगतो, पहिले दोन आठवडे काही लिहू नका, अशी वही कोणाकडे आहे ते शोधा. फक्त पैसा, ग्राहकाला दिलेला शब्द आणि सुट्टी यांचे नियम लगेच लिहा. सुट्टी विशेष करून. आपल्याला पोळ्याला गावी पोचायचं असतं, त्याच सुमारास केरळच्या सहकाऱ्याला ओणमला. नियम नसला की साहेबांच्या जवळचा जातो आणि लांबचा मनात धरून ठेवतो. मग सेल्स या काठावर, ऑपरेशन्स त्या काठावर, आणि मधे जाम नदी! ती गोटमार वर्षातून एकदाच होते, ऑफिसातली दर सोमवारी.

मुंबईचे डबेवाले 1890 पासून हेच करत आले आहेत. डब्यावरची खूण सगळ्यांना सारखी, तिच्यात कोणी आपली अक्कल चालवत नाही. टोळीचा कारभार मात्र टोळीचा आणि तिच्या मुकादमाचा. नवे लोक बहुतेक मावळ, खेड, जुन्नरकडचे, म्हणजे ओळखीतलेच, त्यामुळे विश्वास आयता मिळतो.

आपल्या कंपनीत हे शेवटचं जरा जपून करावं. माझ्या टीममध्ये एका वेळी चार जण आपल्याकडचे झाले होते. जेवताना सगळं वऱ्हाडी ढंगात चालायचं आणि बाकीचे मोबाइलमध्ये बघत बसायचे. पाचवा अर्ज सौंसरहून आला तेव्हा मी मुलाखतीला बसलोच नाही. मुलगा हुशार होता, दुसऱ्यांनीच त्याला निवडला. त्याची खुर्ची मी कोइम्बतूरच्या एका जुन्या सहकाऱ्याशेजारी लावून दिली.