घोडा घ्यावा की कुत्रं पाळावं?

बटाट्याला चार पैसे जास्त मिळाले की आमच्या सातगाव पठारावर माणसाला काहीतरी घ्यावंसं वाटतं. पूर्वी बैलजोडी घेत, मग मोटारसायकल आली, मग ट्रॅक्टर. हल्ली पेठला चहाच्या टपरीवर नवंच ऐकू येतं, "एखादा घोडा घ्यावा म्हणतो." हा घोडा हरभरे खात नाही. तो कमरेला लावायचा असतो. "कशाला?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "घराच्या रक्षणाला!"

माझा या घोड्याला कडकडीत विरोध आहे. आमच्या दाजींनी तो घ्यायचा निश्चय केल्यापासून तर जास्तच.

"पाव्हणं, स्वस्त पाहिजे आन् भरवशाचं पाहिजे," दाजी म्हणतात. आता स्वस्त असतो तो गावठी कट्टा. त्याचा भरवसा एवढाच, की तो चोराच्या अंगावर नाही फुटला तरी मालकाच्या हातात फुटेल. आणि हात शाबूत राहिले तर त्यांत बेड्या पडतील. २०१९ साली कायदा कडक झाला. विनापरवाना हत्याराला दोन ते पाच वर्षांची सजा आहे. तेवढे दिवस घराचं रक्षण कोणी करायचं?

मग राहिलं सरकारी कारखान्यातलं. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. खास बायकांसाठी. वजन अर्धा किलो, दागिन्यासारखं पेटीत ठेवलेलं, आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. तेवढ्यात गोठ्यात दुभती म्हैस येते. ती निदान दूध तरी देते!

बरं, पैसे टाकले आणि माल उचलला असंही नाही. १९५९चा शस्त्र कायदा आडवा येतो. कलेक्टरकडे अर्ज करा, पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, बंदूक चालवायला शिकल्याचा दाखला. शिवाय जिवाला धोका आहे हे पटवायचं. म्हणजे चोरानं आधी एकदा येऊन जावं आणि सवड काढून जबाबही द्यावा!

समजा, मिळाला परवाना. हत्यार पोरांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं लागतं. नियमही तेच सांगतो आणि अक्कलही. म्हणजे पिस्तूल कपाटात, गोळ्या फडताळात आणि किल्ली आक्काच्या कनवटीला. रात्री दोन वाजता चोर आला तर दाजींनी त्याला म्हणायचं, "बसा जरा, हिला उठवतो." आणि निवडणूक लागली की छाननी होऊन कित्येकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. आपल्याकडे निवडणुका किती, हे मी सांगायला नको.

इथवर हसण्यावारी नेलं. आता खरं सांगतो. चोर घरात येतो वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तेही आला तर. राग मात्र घरातच राहतो. बांधावरून भावाभावांत जुंपते, पोरगं परीक्षेत आपटतं, कर्ज थकतं, कुणी पिऊन येतं. काठी असली तर डोकं फुटतं, चार टाके पडतात, वर्षभर अबोला राहतो आणि पुतणीच्या लग्नात दोघे एका पंगतीला बसतात. पिस्तूल असलं तर एक भाऊ सरणावर जातो आणि दुसरा येरवड्याला. सुटलेल्या गोळीला "चुकलं रे" म्हणून परत बोलावता येत नाही. घरातलं पिस्तूल चोराची वाट बघत पडलेलं असतं खरं, पण त्याच्या जवळ असतात ती आपलीच माणसं.

"चोराचं सोडा, बिबट्याचं काय?" दाजी हुकमाचं पान टाकतात. इथं मी थट्टा करणार नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्यानं माणसं मारली आहेत, लेकरं ओढून नेली आहेत. उसाच्या शेजारी राहणाऱ्याची भीती खरी आहे. पण रात्री, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पिस्तूल घेऊन उसात हलणाऱ्या पाल्यावर गोळी झाडली, तर तिथं बिबट्या असेल किंवा बारं मोडणारा शेजारी. बिबट्या नुसता जखमी झाला तर तो आधीपेक्षा वाईट. शिवाय १९७२च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, पण अंदाजानं गोळ्या झाडायची मुभा कुणालाच नाही.

मुळात शेतकरी रात्री उसात जातो कशाला? हौस म्हणून? मोटारीची वीज रात्रीची येते म्हणून! दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली. ती प्रत्येक बांधापर्यंत पोचली असती, तर दाजींच्या निम्म्या भीतीला जागाच उरली नसती.

तेव्हा माझं म्हणणं असं. गोठ्याला चांगली जाळी मारा, दाराला दणकट कडी लावा, अंगणात दिवा ठेवा, एक भुंकणारं कुत्रं पाळा आणि त्यालाही रात्री आत घ्या, कारण बिबट्याला ते फार आवडतं. मुख्य म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं चालू ठेवा. हाकेला धावून येणारा शेजारी परवान्याशिवाय मिळतो आणि निवडणुकीत जमाही करावा लागत नाही. आणि कलेक्टरकडे अर्ज करायचाच असेल, दाजी, तर दिवसाच्या विजेसाठी करा. पहिली सही माझी.